घरी दणकट, बँडमध्ये गायब: बेसच्या टोनबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी म्हटलं होतं की बेस गिटारच्या आवाजाबद्दल काहीही विचारा, तर पत्रांचा ढीगच आला. निम्म्याहून जास्त पत्रांत दुखणं एकच आहे, शब्द तेवढे वेगळे. म्हणून त्यालाच आधी घेतो आणि जरा सविस्तर बोलतो, बाकीचे नंतर.

प्रश्न: दादा नमस्कार. दीड वर्ष बेस वाजवतोय. घरी अँपवर बेस (खालचे स्वर) आणि ट्रेबल (वरचे) दोन्ही वाढवून मिड (मधले) पूर्ण खाली केलं की एकदम रेकॉर्डिंगसारखा आवाज येतो, स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) तर भारीच वाटतो. पण बँडबरोबर (दोन गिटार, ड्रम्स, कीबोर्ड आणि गायिका) वाजवायला लागलो की माझा मलाच आवाज येत नाही. व्हॉल्यूम वाढवला की सगळे ओरडतात, घुमतंय, कमी कर. करू काय?

मित्रा, "मिड पूर्ण खाली" हे तू स्वतःच लिहिलंयस, दुखणं तिथेच आहे.

बघ, तुझी खालची मोकळी ई तार वाजते ४१ हर्ट्झच्या (सेकंदाला ४१ कंपनं) आसपास. पण आपला कान त्या ४१ वर सूर ओळखत नाही, तो ओळखतो त्याच्या वरच्या पटीतल्या स्वरांवरून, म्हणजे ८२, १२३, १६५ आणि अजून वर वर. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नाही, तरी गाण्यातली बेसलाइन आपल्याला कळते ना, ती याचमुळे, वरचे स्वर ऐकून मेंदू खालचा आपोआप भरून घेतो. आता बँडमध्ये काय होतं तर अगदी खाली किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) बसलेला असतो, त्याचा धक्का साधारण ५० ते ८० हर्ट्झमध्ये, आणि वर सिंबल, गिटारची डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज), गायिकेचे शब्द अशी सगळी गर्दी. तुझा खालचा भाग किकने खाल्ला, वरचा सिंबलने, आणि मधली जी जागा खरंच तुझी होती, साधारण २५० ते ८०० हर्ट्झ, ती तू स्वतःच्या हाताने रिकामी केलीस. मग व्हॉल्यूम कितीही वाढव, वाढणार फक्त गुमगुम, सूर नाही.

दुसरी एक गोष्ट आहे ती लोक विसरतात. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढले होते, आजही ध्वनीचं काम करणाऱ्यांना ते पहिल्यांदा शिकवतात. घरी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आपण हळू वाजवतो, कानाला खालचं कमी वाटतं म्हणून बेसचा नॉब वाढवतो, आणि तेच सेटिंग बँडच्या आवाजाला नेलं की खालचं एकदम फुगतं. म्हणजे घरचं सेटिंग चुकीचं होतं असं नाही, ते त्या आवाजापुरतंच खरं होतं.

तर पुढच्या प्रॅक्टिसला असं कर. अँपवरचे सगळे नॉब मध्यावर आण, कंटूर, शेप, स्कूप असलं काही बटण असेल तर आधी बंद कर, कारण बहुतेक अँपमध्ये ते मिडच कापतं. बेसवरचा टोन पूर्ण उघडा ठेव. मग बँडला सांग एकच गाणं दोन-तीनदा वाजवूया, आणि त्या वेळात फक्त मिडला हात लाव, बाकी काही नाही. तुझ्या अँपवर मिडची फ्रिक्वेन्सी निवडायची सोय असेल तर मिड थोडा वाढवून ती फिरवून बघ: २५० च्या आसपास अंग येतं पण जास्त झालं की गढूळ होतं, ५०० ला सूर स्पष्ट होतो, ८०० ते १००० ला बोटांचा चावा आणि गुरगुर येते. गिटारवाले खूप डिस्टॉर्शन लावत असतील तर मला ८०० च्या बाजूला जागा लवकर सापडते, संथ गाण्यांना ४०० ते ५०० पुरतं. तीन-चार डीबी (डेसिबल, आवाज मोजायचं माप) खूप झाले. त्यानंतर बेसचा नॉब हळूहळू कमी करत जा आणि किकचा ठोका तुझ्या सुरापासून वेगळा ऐकू यायला लागला की थांब.

मग सगळे थांबले की एकट्याने वाजवून बघशील तेव्हा तो आवाज तुला नाकात बोलल्यासारखा वाटेल, थोडा रुक्षसुद्धा. वाटू दे. तिथेच हात शिवशिवतो आणि आपण मिड परत खाली करतो, मी कित्येक वर्षं तेच केलं. माझे डोळे उघडले ते एकदा मोबाईल खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवून अख्खी प्रॅक्टिस रेकॉर्ड केली तेव्हा. जागेवर उभं राहून मला वाटत होतं आज काय दणकट वाजतंय, आणि रेकॉर्डिंगमध्ये दोन तास माझा एक सूर कळत नव्हता, नुसती भिंत थरथरल्यासारखी एक गुणगुण. घरी जाताना फार वाईट वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात मिड वर, बेस खाली, बाकी सगळं तेच, आणि ड्रमर स्वतःहून म्हणाला की आज पहिल्यांदा तुझ्यावर टेकून वाजवता आलं. तेव्हापासून टोन ठरवायचा तो बँड वाजत असताना, हा माझा नियम आहे, आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग अजूनही दर वेळी करतो.

प्रश्न: आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत बाकी सूर ठीक येतात पण तिसऱ्या फ्रेटचा जी (ई तारेवरचा) वाजवला की अख्खी खोली घुमते, खिडकीची काचसुद्धा थरथरते. बेस खराब आहे का? खोली साधारण साडेतीन मीटर रुंद आहे.

तुम्ही खोलीचं माप दिलंत हे फार बरं केलंत, त्यामुळे पटकन सांगता येतंय. बेस अजिबात खराब नाहीये. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज मागे-पुढे आपटतो आणि काही ठराविक सुरांना तो स्वतःवरच चढत जातो. हिशोब सोपा आहे, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या रुंदीच्या दुपटीने, म्हणजे ७ ने भागा, उत्तर ४९. आणि ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी किती हर्ट्झचा? ४९! बरोबर तोच सूर. त्याच्या दुप्पट ९८, म्हणजे तुमची मोकळी जी तार, तीपण थोडी फुगत असेल, लक्ष देऊन ऐका.

ही खोलीची खोड आहे, इक्वलायझरने (वेगवेगळ्या पट्ट्यांतले स्वर कमी-जास्त करायची सोय) पूर्ण जाणार नाही, पण कमी नक्की होईल. अँप कोपऱ्यात असेल तर आधी बाहेर काढा, कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज भलताच वाढवतात, मीटरभर पुढे आणला तरी फरक कळतो. स्वतः उभं राहायची जागापण बदलून बघा, भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की खालचं जास्तच ऐकू येतं आणि खोलीच्या मधोमध ते एकदम गायब होतं, त्यामुळे एकाच सेटिंगबद्दल तुमचं आणि ड्रमरचं भांडण होऊ शकतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. अँपवर ग्राफिक इक्वलायझर असेल तर ५० च्या जवळची पट्टी तीन-चार डीबी खाली घ्या. आणि कार्यक्रमाला दुसऱ्या जागी गेलात की ती पट्टी परत वर, हे विसरू नका, कारण तो उपाय त्या खोलीपुरता होता.

अजून एक, अँप जमिनीवर ठेवून त्याच्या अगदी जवळ उभं राहिलं की मधले आणि वरचे स्वर गुडघ्याला लागून जातात, कानापर्यंत येतात ते फक्त घुमणारे. खुर्चीवर ठेवा नाहीतर मागे तिरका करा, निम्म्या लोकांचं "ऐकू येत नाही" तिथेच मिटतं.

प्रश्न: माझ्याकडे दोन पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारं चुंबक) जॅझ बेस प्रकारचा बेस आहे, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. मी दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवतो. नवीन प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) बसवू का, की तारा बदलू? गाण्यात आवाज मागे राहतो.

थांब, पैसे खर्च करायच्या आधी तो नॉब एकदा फिरव. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की त्यांचे मधले काही स्वर एकमेकांना खोडतात, म्हणून तो आवाज छान गुळगुळीत, उघडा वाटतो पण मधे पोकळ असतो. यातला कुठलाही एक व्हॉल्यूम थोडासा, अगदी एक-दोन आकडे, खाली घे आणि ऐक, मधलं अंग एकदम पुढे येतं. ब्रिजकडचा (तारा जिथे अडकवतात त्या टोकाचा) जास्त ठेवलास तर गुरगुर आणि स्पष्टपणा, नेककडचा (मानेकडचा) जास्त ठेवलास तर जाडी. प्रसिद्ध जॅझ बेसवादक जॅको पास्टोरियसचा तो बोलणारा, गाणारा आवाज मुख्यतः ब्रिजच्या पिकअपवर उभा होता. एक मात्र होईल, दोन्ही सिंगल कॉइल बरोबरीने उघडे असताना हम (विजेची गुणगुण) जो दबलेला असतो तो थोडा डोकं वर काढेल. बँड वाजायला लागला की तो कोणालाही ऐकू येत नाही, गाण्यांच्या मधे व्हॉल्यूम बंद करत जा म्हणजे झालं.

टोनचा नॉब या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसमध्ये फक्त वरचं कापतो, वाढवत काही नाही. तो अर्ध्यावर आणला तर फ्रेटची खरखर आणि बोटांचा किचकिचाट जातो, सूर राहतो.

आणि हात! हे मी सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. त्याच तारेवर, काहीही न बदलता, बोटं ब्रिजजवळ नेऊन वाजव, मग हळूहळू सरकत फ्रेटबोर्डच्या टोकापर्यंत ये. ब्रिजजवळ आवाज ताठ आणि टणक, फ्रेटबोर्डकडे गोल आणि जाड. मधल्या पाच-सहा इंचांत तुला निदान चार वेगळे टोन सापडतील, आणि ते एकाच गाण्यात बदलता येतात, कडव्याला पुढे आणि ध्रुवपदाला मागे. जोरसुद्धा बघ. तार जिवाच्या आकांताने ओढली की सुरुवातीलाच ती फ्रेटवर आपटते आणि सूर बारीक होतो, हलक्या हाताने वाजवून अँप थोडा वाढवला की तोच सूर भरून येतो, पुष्कळ जणांना हे उलट वाटतं पण करून बघितल्यावर पटतं. आणि जी तार वाजवत नाहीस ती दाबून ठेव, अंगठा वरच्या तारांवर, डाव्या हाताची मोकळी बोटं खालच्या तारांवर. मोकळ्या तारांची न बोलावलेली आस हीच कित्येकदा ती "गढूळ" तक्रार असते आणि लोक ती इक्वलायझरने काढायला बघतात.

तारांचं म्हणशील तर राऊंडवाऊंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) नव्या असताना वरून झणझणतात आणि घाम लागून काही आठवड्यांत निवतात, फ्लॅटवाऊंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या) सुरुवातीपासूनच मऊ आणि आखूड आसेच्या. बेसवादक जेम्स जेमरसनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची एवढी गाणी वाजवली ती प्रिसिजन बेसवर, जाड फ्लॅटवाऊंड तारा लावून, आणि तुटेपर्यंत तो त्या बदलायचा नाही असं सांगतात, ब्रिजपाशी फोम दाबलेला आणि वाजवायचं एकाच बोटाने. त्या आवाजात ट्रेबल जवळजवळ नाहीच, तरी प्रत्येक सूर ऐकू येतो. म्हणजे पुढे यायला चमकच लागते असं काही नाही. तुला फ्लॅट नको असतील तर स्पंजचा एक तुकडा ब्रिजजवळ तारांखाली सरकवून एक गाणं वाजव, सूर किती आखूड आणि मुद्द्याचा होतो ते बघ.

प्रश्न: आमचा गिटारिस्ट म्हणतो बेस गढूळ येतोय, माझं म्हणणं त्याचीच गिटार गढूळ आहे. कोण बरोबर?

बहुधा दोघंही, आणि कीबोर्डचा डावा हात तिसरा. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झ, म्हणजे तुमच्या ई तारेच्या बरोबर एक सप्तक वर, तुम्ही जिथे सूर म्हणून ऐकू येता तिथेच तिचंही खालचं अंग आहे. गिटारवाला एकटा वाजवताना ते अंग त्याला हवंहवंसं वाटतं, पण बँडमध्ये त्याने १०० च्या खालचं सगळं काढून टाकलं तरी गिटार बारीक वाटत नाही, कारण ती जागा तुम्ही भरताय. त्याला भांडून सांगू नका, दोघं मिळून एक गोष्ट करा: ड्रमरला फक्त किक आणि स्नेअर वाजवायला लावा, त्यावर तुम्ही, मग त्यात गिटार आली की त्याच्या अँपचा बेस हळूहळू कमी करत जा आणि तुमचा सूर उजळला की थांबा. ऐकल्यावर वाद राहत नाही. कीबोर्डवाल्याला प्रेमाने विनंती करा की डावा हात एक सप्तक वर घ्या किंवा तिथे फक्त लांब सूर धरा. हे टोनचं काम कमी आणि कोण कुठे वाजवतो याचं जास्त आहे, आणि आमच्या बँडमध्ये तरी सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

प्रश्न: माझा अँप १०० वॉटचा आहे, ड्रमरसमोर पुरत नाही, फाटल्यासारखा आवाज येतो. मोठा घ्यावा लागेल का?

आधी बेसचा नॉब किती वर आहे ते बघा. खालचे स्वर ६ डीबीने वाढवले की त्या भागात अँपला चौपट ताकद लागते, म्हणजे १०० वॉटचा जीव तिथेच संपतो. तो नॉब मध्यावर किंवा थोडा खाली, मिड थोडा वर, एवढं केलंत की तोच अँप बराच मोठा झाल्यासारखा वाटेल. दोनशेचा घेतलात तर वाढ फक्त ३ डीबीची, जेमतेम जाणवेल इतकी. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डीबी म्हणजे दहापट वॉट लागतात, त्यापेक्षा जास्त स्पीकर किंवा जास्त कार्यक्षम कॅबिनेट लावणं जास्त कामाचं. त्यानंतरही नाहीच पुरलं तर मात्र मोठा घ्या, जोरात वाजवणाऱ्या ड्रमरसमोर १०० वॉट खरंच कमी पडू शकतात.

प्रश्न: कार्यक्रमात साऊंड इंजिनिअर माझ्या अँपकडे बघतसुद्धा नाही, सरळ डीआय (बेसचा सिग्नल तारेने थेट मिक्सरला) घेतो. मग मी टोन बनवायचा कशासाठी?

तुमचा राग कळतो, पण त्याची बाजूही ऐका. तुमचं स्टेजवरचं सेटिंग त्या स्टेजच्या घुमण्याला धरून केलेलं असतं, समोर प्रेक्षकांत तेच पाठवलं तर तिथे ते चुकीचं ठरतं, म्हणून त्याला इक्वलायझरच्या आधीचा साधा सिग्नल हवा असतो. बहुतेक अँपच्या मागे डीआयजवळ प्री आणि पोस्ट असं बटण असतं, प्रीवर ठेवलंत की तुम्ही स्टेजवर कितीही नॉब फिरवा, त्याच्याकडे काही बदलत नाही. आणि म्हणूनच हात, तारा, पिकअपचा समतोल यातून जो टोन बनतो तो महत्त्वाचा, तो डीआयमध्ये पूर्ण जातो, कोणी काढून घेऊ शकत नाही. ड्राइव्हचा पेडल तुमच्या आवाजाचा भागच असेल तर तो डीआयच्या आधी लावा आणि साऊंड चेकला त्याला सांगा, या दोन गाण्यांत आवाज असा होणार आहे. साऊंड चेकला सगळ्यात जोरात आणि सगळ्यात हळू जे वाजवणार आहात ते दोन्ही वाजवून दाखवा, तेवढ्याने त्याचं अर्धं काम होतं. हम येत असेल तर ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा.

प्रश्न: कॉम्प्रेसर आधी घेऊ की ओव्हरड्राइव्ह?

कॉम्प्रेसर (जोराचे सूर आपोआप दाबून आवाज सारखा करणारा), तोही हात थोडा बसल्यावर. रेशो ४ ला १ च्या आसपास, अटॅक ३० मिलिसेकंद किंवा जास्त म्हणजे बोटाचा पहिला ठोका चिरडला जाणार नाही, आणि जोराच्या सुरांना तीन-चार डीबी दाबलं जाईल एवढंच. लावलाय हे जाणवायला लागलं तर जास्त झालंय. ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारा पेडल) घेशील तेव्हा क्लीन आवाज मिसळायचा नॉब असलेलाच घे, नाहीतर तो खालचं गिळतो आणि गाण्यात ऐन ध्रुवपदाला तळ निघून जातो.

प्रश्न: माझा बेस अ‍ॅक्टिव्ह आहे, मागच्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला आवाज फाटायला लागला आणि मग जवळजवळ गेलाच. अँपवाला म्हणतो अँप ठीक आहे.

अँप ठीकच असणार, ९ व्होल्टची बॅटरी संपली. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये केबलचा जॅक आत असला की बॅटरी चालू राहते, वाजवत असा किंवा नसा, सतत लावून ठेवला की ती लवकर उतरते. वाजवून झालं की जॅक काढून ठेवायचा, आणि केसमध्ये एक नवी बॅटरी आणि मागचं झाकण उघडायला लागतो तो छोटा स्क्रूड्रायव्हर. तुमच्या बेसवर अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हचं बटण आहे का बघा, असेल तर गाण्याच्या मधेच पॅसिव्हवर टाकता येतं आणि कार्यक्रम पार पडतो.